अरबस्तानचा असला तरी उन्हाचा नाही: खानदेशात वेल्ड कॅमेलिऑन पाळताना आणि पिल्लं काढताना

दर एप्रिलला मला एकाच धर्तीचे फोन येतात. "दादा, तोंड उघडं टाकून बसलाय." "दादा, फांदी सोडून खाली उतरलाय, डोळे मिटलेत." खोलीची चौकशी केली की चित्र उभं राहतं. वरच्या मजल्यावरची खोली, स्लॅब तापलेला, बाहेर ४४ अंश, आणि पिंजऱ्यावर गरमीचा बल्ब दिवसभर चालू. का, तर विकणाऱ्याने सांगितलेलं असतं की हा अरबस्तानातला सरडा आहे, त्याला ऊन मानवतं.

वेल्ड कॅमेलिऑन येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियातला, हे खरं. पण तो तिथल्या वाळवंटातला नाही, डोंगरउतारांवरचा आणि झाडीच्या दऱ्यांमधला आहे. तिथे दिवसा ऊब असते, रात्री गारवा उतरतो, पहाटे धुकं आणि दव असतं. आपल्याकडे दिवसाची ऊब फुकट मिळते, रात्रीचा गारवा मात्र वर्षातले निदान तीन महिने विकत घ्यावा लागतो. खानदेशात हा प्राणी मरतो तो बहुतेक वेळा याच एका गैरसमजामुळे. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. प्राणी आधी आणि खोली नंतर, असं करू नका.

नर शेपटीसकट दीड-दोन फुटांचा होतो, मादी त्याहून लहान. डोक्यावर उंच तुरा असतो. दिसायला रुबाबदार, स्वभावाने फार बुजरा. नीट ठेवलेला नर सहा ते आठ वर्षं जगतो. मादी साधारण चार ते सहा.

## टप्पा १: कागद

हे पहिल्यांदा, कारण ते राहिलं तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

सगळेच कॅमेलिऑन साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा) कराराच्या परिशिष्टांत येतात, वेल्ड परिशिष्ट २ मध्ये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि असे परदेशी प्राणी अनुसूची ४ मध्ये आले. २०२४ च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश २.० या पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. पुढे पिल्लं झाली, कुणाला दिली किंवा प्राणी मेला, तरी ते कळवावं लागतं. देणाऱ्याकडे त्याची स्वतःची नोंदणी नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

इशारा: आपल्या बांधावर, बाभळीवर दिसणारा घोयरा हा भारतीय कॅमेलिऑन आहे आणि तो संरक्षित आहे. त्याला पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. तो विषारीही नाही. पावसाळ्यात रस्ता ओलांडताना दिसला तर काठीवर घेऊन पलीकडच्या झुडपावर सोडा. कुणी "लोकल ब्रीड आहे, कागद लागत नाही" म्हणून प्राणी दाखवला तर तो बहुधा घोयराच असतो.

## टप्पा २: खोली

प्राणी आणायच्या आधी निदान पंधरा दिवस खोली चालवून बघायची. एक साधा डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर (तापमान आणि आर्द्रता मोजणारा) घ्या, कमाल-किमान आकडा लक्षात ठेवणारा. तो पिंजऱ्याच्या जागी, डोक्याच्या उंचीवर टांगा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा.

हवे असलेले आकडे असे. दिवसा खोली २२ ते २७ अंश. रात्री १५ ते २०. दिवसाची आर्द्रता ३० ते ५० टक्के, रात्री ८० किंवा वर. मे महिन्यात जळगाव-भुसावळला रात्रीचे २० मिळणार नाहीत. रात्र २४-२५ वर आली तरी चालवून घ्या, पण दिवसा खोली ३२ च्या वर जाऊ देऊ नका. ३५ ला धोका सुरू होतो.

जागा निवडताना पत्र्याखालची आणि थेट स्लॅबखालची खोली बाद. तळमजला, उत्तरेकडची भिंत, पश्चिमेला खिडकी नसलेली. जुनं धाब्याचं घर असेल तर त्याहून चांगली जागा नाही. धरणगावकडच्या आमच्या जुन्या घरात मातीच्या धाब्याखालची आतली खोली भर मेमध्येही स्लॅबच्या खोलीपेक्षा पुष्कळ गार राहते. माझे प्राणी तिथेच असतात.

उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असते, म्हणून वाळ्याचा किंवा गवताच्या जाळीचा कूलर इथे उत्तम चालतो. गारवा आणि ओलावा एकदम मिळतो. झोत मात्र पिंजऱ्यावर येऊ देऊ नका, समोरच्या भिंतीवर आपटून फिरू द्या. एसी असेल तर २६ वर ठेवा आणि तो हवा कोरडी करतो हे धरून रात्रीची फवारणी वाढवा. पाऊस सुरू झाला की कूलर बंद. जुलैत कूलर लावला तर गारवा मिळत नाही, नुसती ओल चढते. कोंदट ओलीत छातीचा संसर्ग होतो.

थंडीत उलट प्रश्न. धुळ्याला डिसेंबर-जानेवारीत बाहेरचा पारा ८-१० किंवा त्याखालीही उतरतो. बंद खोलीत तो सहसा १४-१५ च्या वर राहतो आणि तेवढं या प्राण्याला चालतं. खोली १३ च्या खाली जात असेल तरच उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा. रात्री कुठल्याही रंगाचा दिवा नको, लालसुद्धा नको.

तपासणी: दुपारी दोन वाजता मुद्दाम मेन स्विच बंद करून दोन तास बघा. भारनियमनात काय होणार ते आजच कळेल. पारा ३४ पर्यंत चढत असेल तर इन्व्हर्टरवर कूलर घेतल्याशिवाय प्राणी आणू नका.

## टप्पा ३: पिंजरा

पूर्ण वाढलेल्या नराला किमान ६०×६०×१२० सेंटीमीटर, मादीला ४५×४५×९०. उंची महत्त्वाची. ॲल्युमिनियमची बारीक जाळी चारही बाजूंनी लावायची पद्धत आहे, पण आपल्या कोरड्या हवेत मी दोन बाजू आणि पाठ प्लॅस्टिकच्या शीटने बंद करतो. समोर आणि वर जाळी ठेवतो. ओल टिकते आणि प्राण्याला तीन बाजूंनी आडोसा मिळतो. काचेची मासळीची टाकी वापरू नका. हवा खेळत नाही, शिवाय काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की नर दिवसभर त्याच्याशी भांडत बसतो.

पिंजरा जमिनीवर ठेवू नका. टेबलावर किंवा भिंतीला अँगल मारून इतका उंच घ्या की प्राण्याची सगळ्यात वरची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर येईल. वरून येणारी प्रत्येक वस्तू त्याला शिकारी पक्षी वाटते. तुम्ही वरून वाकून बघितलंत की तो तुम्हालाही त्यातच धरतो.

आत आडव्या फांद्या, करंगळीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या, तीन पातळ्यांवर. पेरूची किंवा जास्वंदीची वाळलेली फांदी छान पकड देते. झाडं जिवंत हवीत: मनीप्लांट, जास्वंद, छोटा फायकस. वेल्ड पानं चावतो, म्हणून नर्सरीतून आणलेलं झाड पाण्याने पानन् पान धुवून, वरची माती बदलून, महिनाभर बाहेर ठेवून मगच आत घ्या. नर्सरीवाले औषध मारतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

एका पिंजऱ्यात एकच प्राणी. जोडी कायमची एकत्र ठेवायची नाही. दोन पिंजरे एकमेकांना दिसत असतील तर मध्ये पुठ्ठा लावा.

## टप्पा ४: उजेड आणि ऊब

दोन वेगळे दिवे लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक यूव्हीबी (अतिनील किरणं देणारी) नळी. टी-५ एचओ प्रकारची, लांब, ५-६ टक्के यूव्हीबीची. जाळीच्या वर ठेवा आणि प्राण्याची पाठ तिच्यापासून साधारण २०-२५ सेंटीमीटरवर येईल अशी फांदी बांधा. पिळाचा छोटा बल्ब यासाठी पुरत नाही. नळी उजेड देत राहते पण यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून मी वर्षाला बदलतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही. काच यूव्हीबी अडवते.

दुसरा गरमीचा बल्ब, साधा. नराच्या शेकायच्या फांदीवर २९-३० अंश पुरेत. मादीला २६-२७, जास्त नको, त्याचं कारण आठव्या टप्प्यात येईल. बल्ब सकाळी दोन-तीन तास. खोली स्वतःच ३० च्या वर असेल तर बल्ब लावूच नका, यूव्हीबी मात्र रोज १२ तास टायमरवर चालू ठेवा. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत माझ्याकडे गरमीचा बल्ब खोक्यात असतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी आठ ते दहा जाळीचा पिंजरा अंगणात ठेवलात तर त्याहून चांगलं काही नाही. अर्धा पिंजरा सावलीत, तुम्ही शेजारी. कावळे आणि मांजर दोन मिनिटांत डाव साधतात.

इशारा: तोंड उघडं, रंग फिका, जमिनीशी लपून बसलेला, ही उष्माघाताची चिन्हं आहेत. सगळे दिवे बंद करा, गार खोलीत न्या, साध्या तापमानाच्या पाण्याची बारीक फवारणी करा. बर्फ किंवा फ्रिजचं पाणी अंगावर घालू नका.

## टप्पा ५: पाणी

कॅमेलिऑन सहसा वाटीतलं पाणी पीत नाही. पानावरचा थेंब चाटतो. पहाटे दिवे लागायच्या आधी आणि रात्री दिवे गेल्यावर दोन-दोन मिनिटं बारीक फवारणी, दुपारी एखादा ठिबक. सलाइनची जुनी नळी स्वच्छ करून, पानावर सेकंदाला एक थेंब पडेल अशी लावली तरी काम होतं.

आपल्या बोअरचं पाणी जड. पंधरा दिवसांत नोझल पांढरे होऊन बुजतात आणि पानांवर थर चढतो. आरओचं पाणी वापरा.

थंडीत रात्री फॉगर (धुकं सोडणारं यंत्र) चालतो. पण खोली २८ च्या वर असताना फॉगर नको. गरम आणि ओलं एकत्र आलं की छाती भरते.

तपासणी: विष्ठेबरोबर पडणारा पांढरा भाग बघा. पांढराशुभ्र असेल तर पाणी पुरतंय. थोडा पिवळेपणा चालतो. पूर्ण नारिंगी असेल तर आजपासून पाणी वाढवा. डोळे खोल गेले असतील तर वाट बघू नका, डॉक्टरला फोन करा. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर कदाचित नाशिक-पुण्यालाच मिळेल, म्हणून त्याचा नंबर प्राणी आणायच्या आधी हाताशी असू द्या.

## टप्पा ६: खाणं

जास्त खायला घालणं ही माया नाही. पूर्ण वाढलेल्या नराला दिवसाआड चार-पाच क्रिकेट (रातकिडे) पुरतात. वर्षाच्या पुढच्या मादीला आठवड्यातून तीनदा, दरवेळी तीन-चार. वाढत्या पिल्लांना मात्र रोज, खातील तेवढे.

मुख्य खाणं क्रिकेट. अधूनमधून तुतीवरच्या रेशीमअळ्या, त्यांच्यात पाणी भरपूर असतं. रेशीमवाल्या शेतकऱ्याकडून आणत असाल तर जंतुनाशक पावडर टाकायच्या आधीच्या अळ्या मागा. किडा टाकायच्या आदल्या दिवशी त्याला शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, पपई खायला घाला. शेवगा आपल्याकडे प्रत्येक आवारात आहे आणि त्यात कॅल्शियम भरपूर आहे. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

प्रत्येक वेळी किडे साध्या कॅल्शियम कार्बोनेटच्या पावडरीत घोळवायचे, फॉस्फरस आणि डी-३ व्हिटॅमिन नसलेल्या. महिन्यातून दोनदा डी-३ असलेली मल्टिव्हिटॅमिन पावडर. गुरांचं मिनरल मिक्स्चर वापरणारे मी पाहिलेत. त्यात फॉस्फरस असतो, त्याने उलटा परिणाम होतो आणि हाडं मऊ पडतात.

इशारा: शेतातले नाकतोडे आणू नका. कापसाच्या आणि केळीच्या पट्ट्यात फवारणी न झालेला बांध सापडणं कठीण आहे. एक विषारी नाकतोडा पुरेसा होतो.

## टप्पा ७: पहिला महिना, हात न लावता

प्राणी घरी आला की पिंजऱ्यात सोडायचा आणि दार लावायचं. पिंजऱ्याच्या समोरची बाजू पहिले आठ दिवस पातळ कापडाने अर्धी झाका. पाणी आणि खाणं टायमरने आणि वाटीने, ठरलेल्या वेळी.

शेजारपाजारचे येणारच. आमच्या गल्लीतली आजी दारातूनच विचारायची, "हाई काय शे रे भाऊ?" तिला मी फोटो दाखवायचो, पिंजरा नाही. पिंजरा टीव्हीच्या, देवघराच्या आरतीच्या किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर असेल तर हा प्राणी कधीच स्थिरावत नाही.

तुम्ही आलात की तो फांदीच्या मागे सरकतो आणि अंग चपटं करतो. बुजऱ्या प्राण्याचं हे नेहमीचं वागणं आहे. काळपट रंग, फुसकारा, तोंड वासणं म्हणजे तो घाबरलाय. मागे व्हा. तीन-चार आठवड्यांनी लांब चिमट्यात रेशीमअळी धरून, नजर दुसरीकडे ठेवून उभे राहा. एक दिवस जीभ येईल. हातावर घेण्याचा हट्ट नको. माझा जुना नर पाच वर्षांत एकदाही आपणहून हातावर आला नाही, आणि तो ठणठणीत आहे.

तपासणी: दिवसा डोळे मिटून बसणं हे लाजणं नाही, झोपही नाही. तो आजार आहे.

## टप्पा ८: अंड्यांचा डबा

इथे सगळ्यात जास्त माद्या मरतात, म्हणून सावकाश वाचा.

नर-मादी जन्मतःच ओळखता येतात. नराच्या मागच्या पायाच्या टाचेला छोटी नखासारखी गाठ असते, मादीला नसते. मादी पाच-सहा महिन्यांत वयात येते आणि नर न भेटताही अंडी धरते. त्यामुळे "मला पिल्लं काढायचीच नाहीत" म्हणणाऱ्यालाही डबा ठेवावा लागतो. चौथ्या महिन्यापासून तो पिंजऱ्यात हवाच.

मादीला गार आणि बेताच्या खाण्यावर ठेवायचं कारणही हेच. गरम ठेवून पोटभर घातलं की ती एका वेळी साठ-सत्तर अंडी धरते आणि त्यातच खचते. २६-२७ अंश आणि मोजकं खाणं असेल तर संख्या वीस-तीसवर येते, कधी अंडीच धरत नाही. ते चांगलंच.

डबा अपारदर्शक, किमान ३० सेंटीमीटर लांब-रुंद, आत ३० सेंटीमीटर खोल थर. माझी पहिली मादी मी इथेच गमावली. मला वाटलं, आपली काळी माती सगळ्यात सुपीक, म्हणून डबा शेतातल्या मातीने भरला. ओली असताना ती तिच्या पंजांना चिकटली, दोन दिवसांनी वाळून दगड झाली. ती कोपऱ्याकोपऱ्यात उकरत राहिली, अंडी पोटात अडकली आणि सहाव्या दिवशी ती गेली. पोटात ४१ अंडी होती. ती चूक माझी होती, आणि आजही कुणी काळ्या मातीचं नाव काढलं की मी त्याला थांबवतो.

नदीची वाळू घ्या. चाळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, त्यात पाव भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) मिसळा. ओल इतकी की मुठीत दाबली तर लाडू राहावा, पाणी गळू नये.

तपासणी: बोटाने कोपराएवढा तिरका बोगदा करून बघा. छत ढासळलं तर ओल कमी आहे, तळाशी पाणी साचलं तर जास्त.

## टप्पा ९: जोड लावणं

मादी वर्षाची आणि नर निदान दहा महिन्यांचा झाल्याशिवाय नाही.

वेळ निवडा. मी कोजागिरी ते दिवाळी या दिवसांत जोड लावतो. मग अंडी नोव्हेंबरात पडतात, मादी थंडीत सावरते. ती नराचं बीज साठवून ठेवते आणि तीन-चार महिन्यांनी नर न भेटता पुन्हा फलित अंडी घालू शकते. ही दुसरी खेप उन्हाच्या आधी उरकते. पहिली अंडी सात ते नऊ महिन्यांत, म्हणजे पावसाळा लागल्यावर फुटतात. चाळीस पिल्लं मेमध्ये सांभाळण्यापेक्षा चाळीस अंड्यांचा एक डबा मेमध्ये सांभाळणं कितीतरी सोपं.

मादीला नराच्या पिंजऱ्यासमोर चार-पाच फुटांवर धरा. ती हिरवी, अंगावर फिके निळे ठिपके, शांत असेल तर नराच्या पिंजऱ्यात सोडा. ती काळपट झाली, डुलू लागली, तोंड वासलं, तर परत घेऊन जा आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा बघा. जबरदस्तीने सोडलेल्या माद्या चावे खाऊन परत येतात.

मिलन दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालतं. त्या दिवसात पुन्हा होऊ शकतं. मादी गडद होऊन अंगावर पिवळे आणि निळे डाग उठले की ती नको म्हणते आहे, लगेच काढा.

## टप्पा १०: अंडी घालताना

मिलनानंतर साधारण तीन ते पाच आठवड्यांत. आधी खाणं कमी होतं, मग ती फांद्या सोडून तळाशी फिरू लागते, मग उकरते. उकरायला लागली की पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी चादर लावा, खोलीचं दार बंद करा आणि आत जाऊ नका. तिने तुम्हाला एकदा पाहिलं तरी ती भोक सोडून देते आणि पुन्हा सुरुवात करते. दोन-तीनदा असं झालं की ती दमते आणि अंडी अडकतात. बघायचं असेल तर जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावा.

पाणी मात्र चालू ठेवा. घालून झालं की ती बोगदा स्वतः बुजवते आणि पोट आत गेलेली, थकलेली वर येते. तेव्हा भरपूर फवारणी, रेशीमअळ्या आणि कॅल्शियम. पुढचे दोन आठवडे रोज खायला द्या.

इशारा: दोन दिवस उकरूनही अंडी नाहीत, मादी सुस्त, डोळे खोल, पाय लुळे, तर डॉक्टर. तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

## टप्पा ११: उबवण

अंडी चमच्याने सावकाश उकरा. ज्या बाजूने वर होती तीच वर ठेवायची, उलटवायची नाहीत. मऊ पेन्सिलने वरच्या बाजूला छोटी खूण करा.

झाकणाच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं, रोपवाटिकेत वापरतात ते खनिज), वजनाने जवळपास तेवढंच पाणी. दाबलं तर फार तर एखाददुसरा थेंब निघावा. अंडी दोन-अडीच सेंटीमीटर अंतराने अर्धी रुतवा. ती वाढून जवळपास दुप्पट होतात, जागा लागते. झाकणाला सुईची चार भोकं. तारीख आणि डब्याचं एकूण वजन झाकणावर लिहा. वजन कमी झालं तर तेवढंच पाणी कडेने घाला, अंड्यांवर नाही.

तापमान २४-२५ ठेवा, २८ च्या वर नको. थंडीत एखादी रात्र २० ला गेली तरी घाबरू नका. मेची तयारी मार्चमध्ये करा. माझी जुनी युक्ती मोठ्या माठाची. माठाच्या तळाशी आणि कडेने ओली वाळू, मधे दुसरं लहान मडकं, त्यात अंड्यांचा डबा, वरून ओलं गोणपाट. कोरड्या हवेत पाणी उडत राहतं आणि आतलं गार राहतं. खोलीत ३६ असताना माझ्याकडे आत २८-२९ दिसलंय. भारनियमनाच्या दुपारी तेवढा आधार पुरतो. पाऊस लागल्यावर ही युक्ती चालत नाही, तेव्हा तिची गरजही नसते.

महिन्याने अंधारात बारीक टॉर्च लावून बघा. गुलाबी छटा आणि शिरा असतील तर जीव आहे. पिवळं पडून आत बसलेलं, बुरशी धरलेलं अंडं काढून टाका. शंका असेल तर राहू द्या.

## टप्पा १२: पिल्लं

फुटायच्या आधी एक-दोन दिवस अंड्यावर घाम आल्यासारखे थेंब दिसतात आणि ते किंचित आत दबतं. मग टोकाला चीर पडते. कात्री लावू नका. पिल्लू चिरेतून डोकं काढून कित्येक तास तसंच बसतं, कारण पिवळा बलक आत ओढला जात असतो. एक फुटल्यावर बाकीची फुटायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात.

पिल्लं बोटभर असतात. छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात चार-सहा एकत्र, बारीक काटक्या आणि वेल भरपूर. खाली माती नको, कागद टाका. पहिल्या दिवसापासून यूव्हीबी, शेकायला २६-२७ पुरे. फवारणी दिवसातून तीन-चारदा, अगदी बारीक.

खायला टाचणीच्या डोक्याएवढे क्रिकेट आणि उडता न येणाऱ्या फळमाश्या. फळमाश्यांना पिकलेल्या केळ्याचा गर लागतो आणि तो जळगावला कमी नाही. सालीवर फवारणीचा अंश असू शकतो, म्हणून साल टाकून फक्त गर घ्या. सकाळी टाकलेले किडे संध्याकाळी उरले असतील तर काढा, रात्री क्रिकेट पिल्लांच्या शेपट्या कुरतडतात.

तपासणी: रोज प्रत्येक पिल्लू मोजा आणि पोट बघा. एखादं नेहमी खालच्या काटकीवर, गडद रंगाचं दिसत असेल तर बाकीची त्याला दाबतायत. त्याला त्याच दिवशी वेगळं करा.

साधारण आठव्या आठवड्यात ती एकमेकांना फुगून दाखवू लागतात. तेव्हा सगळ्यांना वेगळं करा, म्हणजे तितके पिंजरे आधी तयार हवेत. चाळीस पिंजऱ्यांची सोय नसेल तर अंडी घातल्या दिवशीच ठरवा किती ठेवायची, बाकीची फ्रीजरमध्ये टाका. हे ऐकायला कठोर वाटतं, मलाही पहिल्यांदा जड गेलं, पण एका खोक्यात कोंबलेली पिल्लं हळूहळू मरताना मी पाहिली आहेत.

तीन महिन्यांची होईपर्यंत पिल्लू कुणाला देऊ नका. देताना परिवेशवरची नोंद, जन्मतारीख आणि खाण्याचं वेळापत्रक लिहून द्या. एप्रिल, मे आणि अर्धा जून देणं-घेणं बंद. घेणाऱ्याने आपल्या खोलीचे पंधरा दिवसांचे कमाल-किमान आकडे वहीत लिहून दाखवले की मगच मी पिंजऱ्याचं दार उघडतो.